सहा महिन्यांची तारीख

धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे लोक विंडोज टाकत नाहीत, मारतात. ‘कधी मारली होती?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि ‘मारून देतो’ हे बहुतेक वेळा उत्तर. डॉक्टरने जीभ पाहावी तसा हा प्रश्न. जीभ पाहून त्याला काय कळतं ते आपल्याला माहीत नसतं, पण त्याने पाहिली की बरं वाटतं.

पारोळा रोडच्या मागच्या एका गल्लीत नासीरचं दुकान आहे. मिसबाह कॉम्प्युटर्स. नाव मुलीचं, ती जन्मली त्या वर्षी दुकान उघडलं. आठ बाय बाराची जागा, भिंतीला लावलेले उघडे कॅबिनेट, खोक्यांत जुन्या वायरी. वडील यंत्रमागावर कामाला होते. चाळीस वर्षं मागाचा खडखडाट ऐकून त्यांचे कान गेले, आणि घरात सगळ्यांना ओरडून बोलायची सवय लागली. नासीर मात्र हळू बोलतो. इतकं हळू, की गिऱ्हाईक ऐकायला पुढे वाकतं. आणि वाकून ऐकलेली गोष्ट माणसाला सहसा खोटी वाटत नाही.

काम तो शिकला जळगावला, पुनाभाऊंकडे. पुनाभाऊ आधी रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. ते दिवस वेगळे होते. पेनड्राइव्ह एका मशीनमधून दुसऱ्यात जायचा आणि सोबत रोगही न्यायचा. चार महिन्यांत मशीन रांगायला लागायचं, सहाव्या महिन्यात आडवं व्हायचं. तेव्हा सहा महिन्यांनी विंडोज मारावी लागते हे पुनाभाऊंचं म्हणणं अनुभवाचं होतं. शेजारी मोटरसायकलचं गॅरेज होतं. तिथे ऑइल बदललं की गाडीवर पुढची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवत. पुनाभाऊंनी ती रीत उचलली. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, वर, पांढरी चिठ्ठी: ‘मारली’ आणि तारीख, खाली ‘पुढची’ आणि तारीख. नासीरने धुळ्यात दुकान टाकलं तेव्हा चिठ्ठी सोबत आणली.

पुढे मशीन बदलली. विंडोज स्वतःची काळजी स्वतः घ्यायला लागली. पेनड्राइव्हचे रोग कमी झाले. एकदा नीट टाकलेली विंडोज चार-पाच वर्षं सहज चालते, कधी कधी मशीन भंगारात जाईपर्यंत. डिस्क मरायला टेकली, एखादा व्हायरस हाडापर्यंत गेला, अपडेट अर्ध्यात अडकून बसला, तरच पुन्हा मारायची वेळ येते. बाकी मशीन मंद होतं ते धुळीने, कमी मेमरीने, नको त्या दहा गोष्टी सुरुवातीलाच चालू होतात त्याने. ब्रशने पंखा साफ करायचा, नको ते काढून टाकायचं. अर्ध्या तासाचं काम. पण ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. विंडोज मारली की मशीन कोरं होऊन येतं, पडद्यावर नवं निळं चित्र असतं आणि माणूस समाधानाने घरी जातो.

चिठ्ठीवरचे सहा महिने तसेच राहिले.

ते खोटे आहेत हे नासीरला कधी कळलं, त्याला नेमकं सांगता येत नाही. एखादी गोष्ट एका दिवसात खोटी होत नाही. ती हळूहळू होत जाते, आणि आपण रोज तिच्यासोबत दुकान उघडत असतो. एखाद्या सकाळी शटर वर करताना त्याच्या मनात यायचं की पुढच्या चिठ्ठीवर दोन वर्षं लिहावं. पण मग आधीच्या चिठ्ठ्यांचं काय? दोन वर्षं लिहिलेला माणूस सहा महिने लिहिलेल्या माणसाला भेटणारच होता. धुळं काही मोठं शहर नाही.

महिन्यातून एकदा तो दोंडाईच्याला जायचा. सोनगीर, चिमठाणे करत एसटी पोचेपर्यंत दीड-दोन तास. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पेनड्राइव्ह, ब्रश, चिपला लावायच्या पेस्टची नळी. दोंडाईच्यात कॅबिनेट उघडलं की तो दोन पावलं मागे व्हायचा. मिरचीचा बाजार आहे तिथे; बारीक लाल धूळ पंख्याच्या पात्यांवर बसलेली असते, आणि झाकण काढताच घरातले सगळे शिंकतात. लोक हसायचे. ‘नासीरभाऊ आला म्हणजे फोडणी पडली,’ असं शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्या कमलबाई म्हणायच्या. खरं म्हणजे त्या धुळीतच सगळं दुखणं होतं. नासीर ती धूळ झाडायचा, आणि मग विंडोजही मारायचा.

लोकांची त्या चिठ्ठीवर श्रद्धा बसली होती. दसऱ्याला कॅबिनेटला हळदकुंकू लावताना बायका चिठ्ठीवरही बोट टेकवत. तारीख जवळ आली की स्वतः फोन करत. कोणी म्हणायचं, पोराच्या डोसाची तारीख एक वेळ चुकली, पण याची नाही.

दोंडाईच्यातलं त्याचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे दिपमाला. नवरा भूषण सुरतेला कापडाच्या मार्केटमध्ये. दोन महिन्यांतून एकदा येणारा. घरी सासरे, हेमराज आबा, सोसायटीतून निवृत्त झालेले. दिपमालाने ओट्यावरच्या खोलीत टायपिंग सुरू केलं आणि दहा-अकरा वर्षांत पंचक्रोशीच्या पत्रिका तिच्याकडे यायला लागल्या. लग्नाच्या, जाउळाच्या, माणूस गेल्यावरच्या गंधमुक्तीच्या.

खान्देशातली पत्रिका ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. वधूवरांची नावं तीन ओळींत संपतात, उरलेला सगळा कागद भाऊबंदांचा. आमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, मामेकुळ, आणि मग नुसती नावं, चाळीस, साठ, शंभर. कोण कुणाच्या आधी, याला नियम आहेत आणि ते कुठेच लिहिलेले नाहीत. एखादं नाव खाली गेलं म्हणून मांडवात न आलेले चुलते आहेत. एखादं सुटलं म्हणून छापलेल्या हजार पत्रिका परत आलेल्या आहेत. दिपमालाने ती सगळी नावं घराघराने, गावागावाने ठेवली होती. मालपूर, विखरण, निमगूळ; प्रत्येक गावाचं फोल्डर, फोल्डरात प्रत्येक घराची फाइल. माणूस यायचा आणि म्हणायचा, मागच्याच नावांवर करा, फक्त आमच्या मोठ्या आबांच्या आधी ‘कै.’ लावा. हेमराज आबा रोज पेपरातली निधनवार्ता वाचून, गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून, पेन्सिलने एका कागदावर लिहून ठेवायचे आणि संध्याकाळी सुनेला द्यायचे. ती फाइल उघडून त्या नावाआधी ते अक्षर लावायची. असं त्या मशीनमध्ये जिवंत आणि गेलेली माणसं आपापल्या जागी उभी होती, क्रम न मोडता.

हे सगळं डीमध्ये. डिस्कचे दोन भाग असतात, सी आणि डी. विंडोज सीमध्ये, ती मारताना सी पुसला जातो, डी तसाच राहतो. म्हणून आपलं सामान डीमध्ये ठेवायचं, हे नासीरनेच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तिने एकदा विचारलंही होतं की यातलं सगळं आणखी कुठे उतरवून ठेवावं का, एखादी वेगळी डिस्क घ्यावी का. तो म्हणाला होता, कशाला खर्च करता ताई, डीला काही होत नाही.

गेल्या वर्षी तिच्या चिठ्ठीवरची तारीख ऐन लग्नसराईत आली. दाराशी माणसं बसलेली, तिने मशीन सोडायचं कसं? तिने फोन करून विचारलं, महिनाभर थांबलं तर चालेल का? नासीर तेव्हा कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसला होता. तो म्हणाला की थांबा, पण तारीख निघून गेल्यावर काही झालं तर मग मला बोलू नका. हे तो सगळ्यांना म्हणायचा. बोलून झाल्यावर तो विसरलाही.

तिथी संपल्यावर ती स्वतःच कॅबिनेट घेऊन एसटीने धुळ्याला आली. मशीन मंद झालंय म्हणाली. मिरचीचं दुखणं असणार, हे नासीरला न उघडताच कळलं. संध्याकाळी न्या, असं त्याने सांगितलं. ती बाजारात गेली.

त्या दिवशी दुकानात एका कॉलेजच्या लॅबची मशीनही आली होती. पाच, सगळ्यांत नव्या डिस्क. नव्या डिस्कवर काही नसतं. पडद्यावर जे भाग दिसतील ते सगळे पुसायचे, एक मोठा भाग करायचा, पुढे जायचं. नासीर एका वायरीवरून दुसऱ्या वायरीवर जात होता. पुसा, पुसा, पुढे. दिपमालाचं मशीन सहावं होतं. हाताने तेच केलं.

तरीही सगळं संपलं नव्हतं. तिथेच थांबला असता तर बरंचसं परत काढता आलं असतं. पण त्याची आणखी एक सवय होती. विंडोज मारून झाली की गिऱ्हाइकाच्या डिस्कवर तो स्वतःकडचा गाण्यांचा, भजनांचा, सिनेमांचा मोठा साठा ओतून द्यायचा. त्याचे पैसे घ्यायचा नाही. लोकांना ते आवडायचं. तो साठा पुसलेल्या जागेवर उतरून खालचं कायमचं मिटवत असताना त्याने चहा मागवला, प्यायला, आणि मग डी उघडून पाहावा म्हणून पाहिलं. डी नव्हता.

चार तास तो हरवलेलं शोधत बसला. सापडलं ते आकड्यांच्या नावांनी सापडलं, आणि उघडलं की रिकाम्या चौकोनांच्या ओळी. एका फाइलमध्ये चौकोनांच्या मध्ये एकच शब्द शाबूत होता, ‘कै.’ पुढे कुणाचं नाव नव्हतं.

दिपमाला आली तेव्हा त्याने सांगितलं की डिस्क खराब निघाली. डीमधलं गेलं. तो हळूच बोलला, नेहमीसारखा. ती पुढे वाकली, म्हणून त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.

तिने कॅबिनेटवरच्या चिठ्ठीवरची तारीख वाचली. मग म्हणाली, “तारीख निघून गेली होती, त्यामुळे का भाऊ?”

नासीरने खाली पाहून म्हटलं, “हो.”

एवढंच. त्याने ही थाप आधी रचलेली नव्हती. तिनेच ती त्याच्या हातात आणून दिली आणि त्याने घेतली. पुढे कित्येक दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला, की मी काही म्हटलं नाही, तिनेच विचारलं. आणि प्रत्येक वेळी हे सांगून झाल्यावर त्याला त्या दिवशीपेक्षा जास्त लाज वाटायची.

त्याने मजुरी घेतली नाही. ती देत होती. नको ताई, असू द्या, म्हणाला. ती त्याचे आभार मानून गेली.

महिनाभराने मिसबाह दुकानात आली. ती कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारी कधीकधी डबा घेऊन येते. एका कॅबिनेटवरची चिठ्ठी वाचून तिने विचारलं, “अब्बू, ये छे महिने का किस्सा क्या है? कॉलेज में तो पाँच साल से एक ही विंडोज चल रही.”

तो म्हणाला की कॉलेजात एसी असतो, इथे धूळ असते. ती म्हणाली की धूळ पंख्यात जाते, विंडोजमध्ये कशी जाईल? ती हसत होती. बापाची चूक नाही, गिऱ्हाइकांची समजूत असेल, असंच तिने धरलं होतं. तो तिच्यावर चिडला. हे दुकान चाललं म्हणून तू कॉलेजात जातेस, असं काहीतरी बोलला, आणि तेही मोठ्याने, वडिलांसारखं. मिसबाहने डबा काउंटरवर ठेवला आणि ती गेली. घरी रात्री बायकोने, अकबरीने विचारलं की पोरीला काय बोललात. तिची नजर त्याने टाळली आणि वडील ऐकू येत नसलेला टीव्ही पाहत बसले होते, त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

मग दोंडाईच्याहून मशीन यायला लागली.

आधी कमलबाईंचं आलं. तारखेला अजून तीन आठवडे होते. मग एका बियाणेवाल्याचं. मग मंगल कार्यालयाचं, मग एका क्लासचं. काही एसटीने, काही टपावर बांधून काळीपिवळीने. एका आठवड्यात सहा. नासीरने बियाणेवाल्याला विचारलं की एवढी काय घाई? तो म्हणाला, दिपमालाने बजावून पाठवलंय. जो येईल त्याला ती सांगते, तारीख चुकवू नका, माझं काय झालं ते बघा. अकरा वर्षांची नावं गेली माझी, एका महिन्याच्या आळसाने.

आळस हा शब्द त्याने तिचा म्हणून सांगितला.

त्या सहा मशीनकडे पाहत नासीर दुकानात बसून राहिला. एवढं काम एका वेळी त्याला गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. प्रत्येक कॅबिनेटवर त्याच्याच अक्षरात तारीख होती. त्याने विंडोज एकाचीही मारली नाही. नुसती धूळ काढली, आणि शिंकून शिंकून डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ते त्याने बराच वेळ पुसलं नाही. पण मशीन नेताना ज्याने विचारलं, मारली ना भाऊ, त्याला तो हो म्हणाला. हे त्याला स्वतःलाही कळलं नाही की आता यात काय वाचवायचं उरलं होतं.

चार दिवसांनी हेमराज आबांचा फोन आला. आबा फोनवर आधी हवापाणी विचारणारे, त्या दिवशी विचारलं नाही.

“नासीर, पोर नीट जेवस नई रे,” ते म्हणाले. “म्हनस, मनीच चूक शे. तू ये ना एक डाव. तुनं आयकी ती.”

माझीच चूक म्हणते ती; एकदा ये, तुझं ती ऐकेल. नासीर येतो म्हणाला.

तो गेला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. खोलीत जमिनीवर जुन्या पत्रिका पसरल्या होत्या. लोकांच्या घरी तारेत अडकवलेल्या, ट्रंकेत तळाला ठेवलेल्या, देवघरामागे खोचलेल्या. आबा गावोगाव फिरून मागून आणत होते. काहींवर हळदीची बोटं, काहींना वाळवी. आबा चष्मा लावून एकेक नाव वाचत होते आणि दिपमाला टाइप करत होती. मध्येच आबा थांबायचे, हा माणूस आता आहे की गेला ते आठवायचे. कधी आठवायचं, कधी नाही. मग ती त्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकायची.

तिने उठून पाणी दिलं. वाळली होती. सासऱ्यांकडे न पाहता ती त्यांच्याशी बोलत होती, हे नासीरच्या लक्षात आलं. कॅबिनेट घेऊन ती धुळ्याहून परतली त्या दिवशी आबा तिला एकदाच म्हणाले होते, तुले तारीख दिखनी नई का? पुन्हा कधी नाही. पण एकदा पुरलं होतं.

चहा आला. नासीरने तो प्यायला. मशीन कसं चाललंय विचारलं, नीट चाललंय म्हणाली. पुढच्या वेळी चुकणार नाही, मी मोबाइलमध्ये गजर लावून ठेवलाय, पंधरा दिवस आधीचा, असंही म्हणाली, आणि मोबाइल उघडून तो गजर दाखवायला लागली.

“ताई, बंद करा ते,” नासीर म्हणाला. “डिस्क खराब नव्हती. डी मी पुसला. माझ्या हाताने. आणि तारीख वगैरे काही नसतं. त्या दिवशी तुम्ही मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.”

तो इतकं हळू बोलला होता की तिला ऐकू गेलं की नाही हे त्याला कळेना. ती पुढे वाकली नाही. मोबाइल तसाच हातात होता.

“काहीच नसतं म्हणजे?”

त्याने सांगितलं. पूर्वी लागायचं, आता लागत नाही. चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त. तुमच्या मशीनला तर नुसतं झाडायला हवं होतं. बाकी सगळं त्याने सांगितलं, लॅबची पाच मशीन, सहावं तिचं, वर ओतलेली गाणी. सांगताना त्याला वाटलं होतं की शेवटाला आल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नुसतं एवढंच झालं की आतापर्यंत जे एकट्याला माहीत होतं ते तिघांना माहीत झालं.

आबांनी चष्मा काढला. “मंग तू तिले हां कसाले म्हनना?”

भीती वाटली म्हणावं तर कशाची? ती ओरडणारी बाई नव्हती. पैसे मागितले असते तर त्याने दिले असते. तो हां म्हणाला कारण ते सोपं होतं, आणि वीस वर्षं तो तेच सोपं लोकांच्या कॅबिनेटवर चिकटवत आला होता. हे असं त्याला बोलता आलं नाही. तो आबांच्या पायांकडे पाहत राहिला. आबांनीही मग सुनेकडे पाहिलं नाही. पत्रिकेवरची वाळवीची माती ते नखाने खरवडत बसले.

नासीर म्हणाला की मी रोज येतो, नावं वाचून देतो, काम लवकर होईल. वाटल्यास सगळं इथे राहून करतो.

“नको,” दिपमाला म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुम्ही वाचलेलं मला पुन्हा तपासावं लागेल.”

मग तिने एक कोरा कागद घेतला आणि त्यावर नावं लिहायला लागली. भराभर, न थांबता. अकरा झाली. कमलबाई, बियाणेवाला, मंगल कार्यालय, क्लास. कागद तिने त्याच्यापुढे सरकवला. या लोकांना मी तुमच्याकडे पाठवलं, म्हणाली, काही येऊन गेले, काही यायचे आहेत. माझ्या तोंडाने पाठवलं, माझं उदाहरण देऊन. आज त्यांच्या दारात जा आणि मला सांगितलं ते सगळं तसंच सांगा. एकही शब्द कमी करू नका.

कमलबाईंचं दुकान पहिलं. शाळा सुटायची होती, दुकानात कोणी नव्हतं. त्याला पाहून त्यांनी आधी फोडणीचा विनोद केला. नासीरने सांगायला सुरुवात केली तशा त्या हसतच राहिल्या, मग अर्ध्यावर थांबल्या. त्यांना पटेना. असं कसं होईल, म्हणाल्या, आम्ही इतकी वर्षं करतोय, आणि केल्यावर मशीन पळतं हे आम्हाला दिसतं ना. तुम्हाला यायला होत नसेल तर तसं सांगा, आम्ही धुळ्याला आणून देत जाऊ. नासीर म्हणाला की नाही, खरंच लागत नाही. त्या म्हणाल्या, मग दिपमालाचं कसं गेलं? तो म्हणाला, मी घालवलं.

कमलबाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी काउंटरवरचा मोबाइल उचलला आणि त्याच्यासमोरच दिपमालाला फोन लावला, स्पीकर चालू करून.

“अगं दिपमाला, हा नासीरभाऊ इथे येऊन काय बोलतोय? तुझी नावं म्हणे यानेच पुसली. खरं आहे का?”

ती म्हणाली, “खरं आहे अक्का.” आणि थांबून, जणू ते वाक्य कसं म्हणायचं याची सवय नसावी अशी, “माझी चूक नव्हती.”

तिचा आवाज म्हणताना मध्ये तुटला. कमलबाईंनी फोन ठेवला. नासीरकडे त्यांनी पाहिलं, आणि बसा म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलेलं त्यांनी मागे घेतलं. तो कागदावरचं पुढचं नाव पाहून पायऱ्या उतरला.

बियाणेवाल्यानेही फोन लावला. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनेही. त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोणी काही मानायला तयार नव्हतं, त्याने स्वतःविरुद्ध दिलेल्या शब्दावरही नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी दिपमालाला विचारत होतं, आणि नासीर हातात कागद घेऊन दारात उभा राहून तिचं उत्तर ऐकत होता. पाचव्या दारापर्यंत तिचा आवाज तुटायचा थांबला होता. सातव्या दारात समोरच्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली, माझी चूक नव्हती, आणि मागे आबा पुढचं नाव वाचत असल्याचंही त्याला ऐकू आलं.

अजून चार दारं होती.